सहीपुरती अक्षरे

आश्विन लागला की पनवेलची हवा कोरडी होत नाही. ती नुसती थांबते. पाऊस गेलेला असतो, थंडीचे अजून नाव नसते, आणि मधल्या तीन-चार आठवड्यांत खाडीवरचा वारासुद्धा गावात शिरायचे विसरतो. दुपारी तीनच्या सुमारास मी गॅलरीत उभा राहतो. समोर दोन इमारतींच्या मध्ये भाताचे एकच खाचर उरले आहे. भाऊबंदांचा वाद कोर्टात अडकल्यामुळे ते वाचले. ते पिवळे पडू लागले की माझ्या घशाशी एक आंबूस वास येतो. घरातले म्हणतात, तळोज्याचा वारा असेल. तळोज्याचा खरा, पण आजचा नव्हे.

यंदा या वासाबरोबर एक पुस्तिकाही घरात आली. तळोज्याच्या ज्या रसायनांच्या कारखान्यात मी टाइम ऑफिस सांभाळले, तेथील निवृत्तांनी स्नेहमेळाव्यासाठी ही स्मरणिका छापली आहे. आमचे त्या वेळचे पर्सोनेल अधिकारी राजाध्यक्ष यांनी तीत आमच्या साक्षरता वर्गावर दोन पाने लिहिली आहेत. ते लिहितात : ‘पाळी संपल्यावर कामगार हसतमुखाने वर्गात येत. एकालाही सक्ती नव्हती. अवघ्या एका मोसमात आमचा कारखाना पूर्ण साक्षर झाला. हिराजी भोईरसारख्या एखाद्याने आम्हाला निराश केले, तेव्हा आमच्या मास्तरांनी मन घट्ट करून सत्य तेच सांगितले.’

मास्तर म्हणजे मी. राजाध्यक्षांच्या हाताखाली मी सोळा वर्षे काम केले, आणि त्यांच्या इंग्रजी मसुद्यांइतके नीटनेटके मसुदे मी अजून पाहिलेले नाहीत. त्यांचा हा मराठी मसुदाही नीटनेटका आहे. तो खोटा आहे, एवढीच माझी तक्रार.

सक्ती नव्हती म्हणे! पहिली पाळी तीनला सुटे. फाटकाबाहेर पडण्यासाठी जो पास लागे, तो वर्गातल्या एकवीस जणांपुरता माझ्या टेबलाच्या खणात कुलूपबंद असे आणि वर्ग संपल्यावर साडेचारला मिळे. हा हुकूम राजाध्यक्षांचाच होता. त्याचे कारणही उघड होते. ही सगळी माणसे आसपासच्या आगरी गावांतली. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर आम्ही वर्ग सुरू केला, आणि पाहता पाहता लवकर पिकणारे हळवे भात कापणीला आले. शेतात बायका एकट्या वाकलेल्या, आणि त्यांचे नवरे दोन मैलांवर कॅन्टीनच्या बाकांवर गुडघे मुडपून ‘ग’ गिरवत बसलेले. त्यांना फाटक उघडे मिळाले असते, तर विळ्यापुढे ‘ग’चा टिकाव लागला नसता.

कॅन्टीनला सिमेंटच्या पत्र्याचे छप्पर होते. दुपारभर तापलेले ते छप्पर तीननंतर खाली उष्णता सोडू लागे. खिडक्या उघडाव्यात, तर नाल्याकडचा वास आत येऊन डोळ्यांतून पाणी काढी; म्हणून त्या बंद. पंखा एकच, तोही स्वयंपाक्याच्या डोक्यावर. सकाळच्या उसळीचा आणि फरशी पुसल्याच्या फिनेलचा वास त्या बंद हवेत एकमेकांत मिसळून साचलेला असे. बाहेर कुंपणापलीकडे पिकलेले भात दिसे. माणसे पाटीकडे कमी आणि काचेतून तिकडे जास्त पाहत. फळ्यापाशी उभा असलेला मी त्यांना पाहत असे, आणि आज कबूल करायला हरकत नाही, मलाही तेथून सुटायचे असे. पण माझाही पास त्याच खणात होता, असे म्हणा.

मी मास्तर कसा झालो, याविषयीही एक कथा प्रचलित आहे. युनियनचे सेक्रेटरी ठाकूर अजूनही चारचौघांत सांगतात, की मी मॅनेजमेंटचा माणूस, बढतीच्या आशेने खडू हातात घेतला. ठाकूर, तुमचे वय झाले आहे आणि माझेही. निदान आता तरी ऐका. बढती मला मिळाली नाही आणि मी ती मागितलीही नव्हती. माझा लोभ वेगळा होता, आणि तो तुम्हाला कधी दिसला नाही, कारण तुमच्या कल्पनेपेक्षा तो फार लहान होता.

अंगठा उठवणाऱ्या कामगारासाठी आमच्याकडे एक रीत होती. कोणताही कागद असो, रजेचा, बदलीचा, ताकिदीचा, तो आधी त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. मग त्याने अंगठा उठवायचा. अंगठ्याखाली वाचणाऱ्याने लिहायचे, ‘वाचून दाखवले, समजले असे म्हणाला’, आणि तेथे स्वतःची सही करायची. म्हणजे एका कागदात दोन माणसे बांधली जात. उद्या भानगड निघाली, तर पहिला प्रश्न वाचणाऱ्याला : तू याला नीट सांगितलेस का? तो वाचणारा मी होतो. दिवसातून दहा वेळा खिडकीच्या गजांशी तोंड नेऊन मी ओरडत असे. आतली यंत्रे घरघरत, बाहेरचा माणूस “काय म्हनता मास्तर, परत सांगा” म्हणे, आणि मी परत सांगे. माझा घसा बसे. मला या कामाचा कंटाळा आला होता. माणसाला सही आली, की वाचून दाखवण्याचे बंधन सुटते. कागद त्याचा आणि तो कागदाचा. मी खडू हातात घेतला तो आपला घसा वाचवण्यासाठी. यात मला तेव्हा काही गैर वाटले नव्हते.

हिराजी भोईर पहिल्या बाकावर बसे. वय चाळिशीच्या आसपास, मिठागरात वाढलेला, तळपाय असे की खिळा टोचला तर खिळ्याने वाकावे. रिअ‍ॅक्टरवर त्याच्यासारखा ऑपरेटर नव्हता. रसायन तापवणाऱ्या त्या भांड्याच्या बाहेरच्या अंगाला हाताची मागची बाजू लावून तो उष्णता सांगे, आणि तापमापक नंतर त्याला दुजोरा देई. पाटीवर मात्र तो उलटा चाले. आपण अक्षरे आधी लिहितो आणि वर रेघ शेवटी ओढतो. हिराजी आधी रेघ ओढून घेई आणि मग एकेक अक्षर तिला खालून अडकवी.

“अरे, रेघ शेवटी,” मी म्हणे.

“मास्तर, दोरी बांदल्याबिगर बोंबील कशावर घालू सुकत?”

सगळा वर्ग हसे. मागून कोणीतरी ओरडे, “हिराजी, वास मारतोय रे तुजा ‘भ’!” तो मागे न पाहता म्हणे, “तुजा ‘भ’ तर अजून खाडीतच हाय.” उकाड्यात, कोंडलेल्या त्या पत्र्याखाली, हे हसू म्हणजे तेवढीच काय ती खिडकी होती.

दसऱ्यापर्यंत सर्वांची यादी हवी, असे राजाध्यक्षांनी बजावले होते. वरून पाहुणे यायचे होते. महिनाभरात मोठ्या माणसांना वाचायला शिकवता येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. स्मरणिकेत याचा उल्लेख नाही. ते म्हणाले होते, “सही तर येईल ना? आणि पुस्तकातले चार धडे? बाकीचे पुढे होत राहील.” पुढे काही झाले नाही. मी सही शिकवली. एकवीस जणांच्या एकवीस सह्या मी स्वतः आखून दिल्या आणि त्यांनी त्या रांगोळीसारख्या उचलल्या. मग मी यादी केली आणि प्रत्येक नावापुढे ‘लिहिता-वाचता येते’ असे लिहून खाली माझी सही केली. तीही तशीच, हात चालवून.

पाहुणे आले तेव्हा कॅन्टीनमध्ये दोन जादा पंखे लागले. वाचायला हिराजीला उभे केले, कारण त्याचा आवाज खणखणीत. त्याने पुस्तक उघडले, विहिरीचा धडा काढला, ओळीखाली बोट धरले आणि न अडखळता वाचू लागला. पान संपले. त्याने पान उलटले; घामाने चिकटलेली दोन पाने एकदम उलटली. आता समोर होता बैलाचा धडा, चित्रासकट. हिराजी मात्र विहिरीचेच उरलेले पान वाचत राहिला, बैलाच्या पोटाखालून बोट सरकवत, एकही शब्द न चुकता. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. राजाध्यक्ष माझ्याकडे पाहून हसले. त्यांना ते दिसले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. दिसले होते ते मला. मी टाळ्या वाजवल्या.

त्या नवरात्रात हिराजीच्या गावच्या मंडळाने त्याला नारळ देऊन पुढे बसवले. पुढे त्याच्या गावचे लोक मला भेटत, तेव्हा सांगत की संध्याकाळी तो पडवीत वर्तमानपत्र धरून बसतो आणि बायकोला मोठ्याने बातम्या वाचून दाखवतो. काय वाचत असेल, याचा मी विचार केला आहे. कदाचित पाळीवर ऐकलेले. कदाचित त्याला जगात घडावेसे वाटत होते ते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्लांटमधली एक जुनी रीत बंद झाली. पूर्वी पाळी बदलताना जाणारा येणाऱ्याला यंत्रापाशी उभे राहून तोंडाने सांगे : हे चालू, हे बंद, इकडे हात लावू नको. आता सर्व साक्षर! तेव्हा सुपरवायझरने पुस्तकात लिहायचे आणि येणाऱ्याने ‘वाचले, समजले’ या छापील रकान्यात सही करायची. वेळ वाचतो, असे परिपत्रकात होते. ते परिपत्रक टाइप मीच केले होते.

चौथ्या की पाचव्या सकाळी पुस्तकात लिहिले होते, की तिसऱ्या टाकीची झडप दुरुस्तीसाठी काढली आहे, आम्लाची लाइन उघडू नये. हिराजीने खाली सुंदर सही केली, सातच्या ठोक्याला लाइन उघडली, आणि झडपेच्या रिकाम्या तोंडातून आलेले आम्ल तेथे काम करणाऱ्या फिटरच्या हातावर पडले. फिटर वाचला, कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गेली. हिराजीनेच त्याला उचलून पाण्याखाली धरले होते. दुपारी हिराजी निलंबित झाला आणि आठवड्यात चौकशी लागली.

ठाकूर म्हणतात, मला पेच असा काही नव्हताच. खरे बोलायचे होते आणि मी बोललो नाही. ठाकूर, तुम्ही भाषणे केलीत, तुम्हाला पेच म्हणजे काय ते कळणार नाही. चौकशीत प्रश्न एकच येणार होता : याला वाचता येत होते का? येत होते म्हटले, तर त्याने वाचूनही लाइन उघडली, नोकरी गेली. येत नव्हते म्हटले, तर त्याची नोकरी वाचली असती, पण राजाध्यक्षांनी मला आदल्या दिवशी बोलावून शांतपणे सांगितले होते, “एकाला येत नसेल, तर मला सगळ्यांची परीक्षा घ्यावी लागेल. ज्यांना येणार नाही ते सगळे उद्यापासून हमालीवर. तुम्ही ठरवा.” आवाज चढवला नाही. ते कधीच चढवत नसत.

त्याच दुपारी हिराजी माझ्या खिडकीशी आला. निलंबित माणसाला आत यायची मनाई होती, म्हणून गजांच्या बाहेर उन्हात उभा राहिला.

“मास्तर, उद्या तुमाना इचारतील.”

“विचारतील.”

“काय सांगनार?”

“खरे ते. हिराजी, तुला वाचता येत नाही.”

तो रागावला नाही. गजाला धरलेला हात तेवढा त्याने काढून घेतला. “कंदी कललं तुमाना?”

“पाहुण्यांच्या समोर. दोन पाने एकदम उलटलीस तेव्हा.”

“मंग तवाच का नाय बोललाव?”

मी त्याला समजावू लागलो, की कबूल केलेस तर नोकरी राहील, फार तर हमाली करशील. तो ऐकत होता, पण डोळे माझ्यामागच्या मस्टरवर होते.

“हमाली मना जड नाय,” तो म्हणाला. “पन गावात नारल घेतलाय मी. बायको चार घरी सांगून आली, माजा घरवाला वाचतो. आता सायब कागदावर लिवतील, हिराजी वाचत नाय, खोटा हाय. ता नको. तवा गप बसलाव, आता पन गप बसा. नोकरीचा मी बगतो.”

“हा वेडेपणा आहे.”

“आसंल. माजा हाय.”

दुसऱ्या दिवशी मला विचारण्यात आले. मी म्हणालो, “येत होते.” हिराजीने मान खाली घातली नाही, ताठ बसून समोर पाहत राहिला.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो, की हे मी हिराजीसाठी केले. राजाध्यक्ष म्हणतात सत्यासाठी, ठाकूर म्हणतात मालकासाठी, मी म्हणतो हिराजीसाठी. त्या दोघांचे मी खोडून काढले, तेव्हा तिसऱ्यालाही सोडणे न्यायाचे होणार नाही. ज्या यादीवर ‘लिहिता-वाचता येते’ असे एकवीस वेळा लिहिले होते, तिच्याखाली सही कोणाची होती? ती यादी खोटी ठरली असती, तर पहिला बाहेर कोण गेला असता? हिराजीने मला गप्प बसायला सांगितले, हे खरे. त्याने सांगितले नसते, तर मी काय केले असते, हे त्याच्या उपकाराने मला कधी शोधावे लागले नाही.

बडतर्फीचे पत्र मराठीत निघाले. फाटकावर ते मीच त्याला दिले. राजाध्यक्ष शेजारी उभे होते. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते, की या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांच्या आत लेखी अपील करता येईल. अंगठ्याचे दिवस असते, तर ते वाक्य मी ओरडून सांगितले असते. ते माझे कामच होते. आता तो सही करणारा होता. त्याने पत्र घेतले, जितका वेळ वाचायला लागावा तितका वेळ त्यावर नजर फिरवली, पोच म्हणून सही केली, घडी खिशात घातली आणि निघाला.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी सायकलवरून त्याच्या गावी गेलो. उशिरा पिकणारे गरवे भात कापणीला आले होते. खाचरात तो आणि त्याची बायको दोघेच, मुठी धरून सपासप कापत होते. त्याने मला पाहिले, मान हलवली आणि काम चालू ठेवले. तिने पदराने तोंड पुसत बांधावर येऊन मला तांब्यातून पाणी दिले.

“हिराजी,” मी म्हणालो, “ते पत्र. त्यात शेवटी एक मुदत...”

“वाचलंय मी, मास्तर,” तो खाली वाकूनच म्हणाला.

“वाचून दाखवलंय मना,” ती म्हणाली. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हते. “शेवटाला लिवलंय ना, भाऊ, का दिवाली झाली की पुना बोलावनार हाय म्हनून? हे बोलले, चांगला कामगार हाय आसं पन लिवलंय.”

विळ्याचा आवाज थांबला. हिराजी उभा राहिला. हातात कापलेल्या भाताची मूठ होती, आणि तो माझ्याकडे पाहत होता. विनवणी करत नव्हता, धमकावतही नव्हता. वाचून दाखवणाऱ्याकडे माणूस पाहतो, तसा नुसता पाहत होता.

त्याला बाजूला घेता आले असते, असे कोणी म्हणेल. घेता आले असते. बाजूला घेऊन मला सांगावे लागले असते, की अपिलात एकच मुद्दा टिकेल, मला वाचता येत नाही हा. आणि त्यापुढे मला सांगावे लागले असते, की मग मास्तर खोटे बोलला हेही लिही. त्याला ते नको होते, त्याचे कारण मोठे होते. मला ते नको होते, त्याचे कारण रोज माझ्या सायकलच्या कॅरिअरला लागणाऱ्या जेवणाच्या डब्याएवढे होते.

“हो, वहिनी,” मी म्हणालो. “तसेच लिहिले आहे.”

तिने तांब्या परत घेतला. हिराजी पुन्हा वाकला आणि विळा चालू झाला. अपिलाचे बारा दिवस शिल्लक होते. मी बांधावरून सायकल हाताने ढकलत निघालो.